आईच्या ट्रिपचे दिवस

१४ जून, शनिवार

गेले एकदाचे.

एअरपोर्टला सोडायला मी गेलेच नाही. डोकं दुखतंय म्हटलं. आईने माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, ताप तर नाहीये. ताप नसला तरी डोकं दुखू शकतं. श्रीरंगकाका दारात बॅगा घेऊन उभे होते. दोन्ही त्यांनीच उचलल्या, आईचीसुद्धा. आधी आई स्वतःची बॅग स्वतः उचलायची. आपण दोघी स्ट्राँग आहोत ना, असं मला म्हणायची.

आईने हायकिंगचे बूट घेतलेत. जांभळ्या नाडीचे. आई, जी आमच्या जुन्या अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर चढताना मधे थांबून मेल आलेत का बघते असं दाखवायची! ती आता आल्प्समध्ये चालणार. आणि ट्रेनने डोंगर चढणार. न्यू हॅम्पशरला पण एक ट्रेन आहे डोंगरावर जाणारी. चौथीपासून ऐकतेय, या समरला नक्की जाऊ उर्वी, आपण दोघीच. मग आईचा प्रोजेक्ट, मग कोविड, मग डिव्होर्स, मग श्रीरंगकाका.

त्यांनी मलाही विचारलं होतं, तू पण चल. मी नको म्हटलं. पण परत विचारायला नको का? आपल्याकडे पाहुण्याला पोळी वाढतानासुद्धा तीनदा विचारतात. मला एकदाच विचारलं आणि दुसऱ्या दिवशी दोघांची तिकिटं आली.

सकाळी निघायच्या आधी श्रीरंगकाकांनी कॉफी केली तर आईने किचनच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि कप सिंकमध्ये ओतला. म्हणे वास सहन होत नाहीये. कॉफीशिवाय डोळे न उघडणारी बाई. स्वित्झर्लंडला निघाली म्हणून आता आमची कॉफी पण आवडेना.

डायरी लिही असं शाळेच्या काउन्सेलरने मागेच सांगितलं होतं. तेव्हा शाळेसाठी लिहायचं नव्हतं, आता शाळा सोडून वर्ष झालं म्हणून लिहितेय. मराठीत. इंग्लिशमध्ये लिहायला घेतलं की कोणीतरी ग्रेड करणार असं वाटतं.

१५ जून

घरात मी आणि श्रीरंगकाकांची आई, कुमुदआजी. त्या नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्यात. लग्नाला आल्या नव्हत्या, आता सून बघायला आल्या, तर सून निघून गेली फिरायला. उरले मी.

त्या दिवसभर बोलतात. मी दिवसभर बोलत नाही. म्हणजे मला बोलायचं असतं, पण घशापर्यंत येऊन थांबतं. शाळेत हेच व्हायचं. टीचरने नाव घेतलं की सगळे वळून बघायचे आणि माझं उत्तर आत बसून राहायचं. सोळा पूर्ण झाल्यावर आईने सही केली आणि मी सुटले. आता जीईडीचं, म्हणजे शाळेत न जाता बारावीची परीक्षा द्यायचं, पुस्तक आणलंय, ते टेबलावर आहे. टेबल छान आहे.

आजी विचारतात, "काय करून राहिली वं?" मी म्हणते, काही नाही. थोड्या वेळाने परत, "काय करून राहिली?" पुणेवाले कसं "काय करतेयस" म्हणतात आणि संपवतात. इथे राहून राहून राहून.

१७ जून

फोटो आले. फॅमिली ग्रुपवर. या ग्रुपचं नाव श्रीरंगकाकांनी "आपण चौघं" ठेवलंय. मी म्यूट केलाय पण बघते.

वेंगेन नावाचं गाव आहे. तिथे गाड्याच नाहीत, ट्रेननेच जायचं. मागे पांढरा डोंगर, पुढे गाय, मधे आई. आई तोंड उघडून हसतेय. तिचा पुढचा एक दात वाकडा आहे म्हणून ती नेहमी ओठ मिटून हसते, माझ्याबरोबरच्या प्रत्येक फोटोत तसंच. इथे दात दाखवून. कोणाकडे बघून हसत असेल हे सांगायला नको, फोटो तो माणूस काढतोय.

एका व्हिडिओत तिचा आवाज आहे. "अरे श्रीरंग, थांब ना." अरे! बाबांना ती अहो म्हणायची. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं बाबांचं नावच अहो आहे.

आजींनी तो व्हिडिओ बारा वेळा लावला. त्यांना गाय आवडली.

१८ जून

आज काहीच नाही. दोडक्याची भाजी.

१९ जून

खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते. मी आज सकाळी अंघोळ करताना मनात म्हटलं की तिथे पाऊस पडू दे. मग म्हटलं, आईचा पाय मुरगळू दे, थोडाच. मग म्हटलं, नको, तिला लागायला नको, पण असं काहीतरी होऊ दे की ट्रिप बोंबलेल आणि ती घरी येईल. देवाला पर्याय दिले. एखादा तरी जमेल.

२० जून, शुक्रवार

जमला.

आई आजारी पडली. दुपारी श्रीरंगकाकांचा फोन आला आजींना. वरच्या स्टेशनहून चालायला निघाले होते, अर्ध्यात आईला चक्कर आली, खाली बसली, मग उलटी. ट्रेनने खाली आणलं, ट्रेनमध्येही उलटी. आता हॉटेलमध्ये झोपलीये. उद्या डॉक्टर.

मी लगेच आजींच्या हातून फोन घेतला, म्हटलं आईला द्या. ते म्हणाले, ती आत्ताच झोपलीये, नको उठवायला. म्हणजे आता माझी आई झोपलीये का उठलीये हे मी त्यांना विचारायचं.

मला भीती वाटली आणि थोडा आनंद पण झाला. थोडा म्हणजे किती ते लिहीत नाही.

संध्याकाळी त्यांचा मला वेगळा मेसेज. आजारी असताना तुझी आई काय खाते? मला माहितीये ती काय खाते. मऊ भात, वर साधं तूप, लिंबाचं लोणचं बाजूला, भाताला लागू द्यायचं नाही. कोविडमध्ये दहा दिवस मीच करून दाराशी ठेवत होते. मी लिहिलं, माहीत नाही.

२१ जून

डॉक्टर झाले. तिथल्यांनी खालच्या मोठ्या गावात हॉस्पिटलला जायला सांगितलं, टेस्ट करायला. परत ट्रेन. आईने मला व्हॉइस मेसेज पाठवला, "मी बरी आहे पिल्लू, काळजी करू नको." आवाज रडल्यासारखा. बरी आहे तर रडते का?

विचारलं काय निघालं टेस्टमध्ये. म्हणाली, घरी आल्यावर बोलू.

श्रीरंगकाकांनी तिला भात करून दिलाय म्हणे. हॉटेलच्या बाईकडे जाऊन, तिच्या किचनमध्ये उभं राहून. आजी कौतुकाने सांगत होत्या. सुशीचा तांदूळ असणार, दुसरा मिळतोय कुठे. चिकट. आणि आईने तो सगळा खाल्ला. माझ्याकडे दोन घास उरवायची.

२२ जून, रविवार

आज खूप झालं. नीट लिहिते.

सकाळी आजी त्यांच्या खोलीत फोनवर बोलत होत्या, नागपूरला, बहिणीशी. हळू आवाजात, म्हणजे नेहमीच्या माणसाच्या आवाजात. मी जिन्यात होते. त्या म्हणाल्या, "राधिकेला दिवस गेलेत. आता फिरणं कुठलं? पण कोणाला बोलू नको इतक्यात."

मला हसू आलं. ट्रिपचे दिवस फुकट गेले हे काय लपवायचं? पण या लोकांना सगळ्याचाच इगो. मुलाने एवढी ट्रिप आखली आणि बुडाली हे नागपूरला कळायला नको.

मग मला वाटलं, आई तिथे पडून हेच मनाला लावून घेत असेल. म्हणून रडत होती. माझ्यामुळेच झालंय खरं तर, मीच मागितलं होतं. म्हणून मी बसून तिला मेसेज लिहिला. मला बोलायला जमत नाही पण लिहायला जमतं. जसाच्या तसा इथे उतरवते:

"आई, दिवस गेले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. जे झालं ते झालं. मला काहीच प्रॉब्लेम नाहीये, उलट बरंच झालं. तू फक्त लवकर घरी ये."

दोन मिनिटांत व्हिडिओ कॉल. आईचं नाक लाल, केस चिकटलेले.

"तुला आजींनी सांगितलं?"

"मी ऐकलं."

"आणि तुला खरंच चालेल? उलट बरं झालं, असं लिहिलंयस तू."

मला वाटलं आता खरं सांगून टाकावं. मी म्हटलं, "मला तर आधीपासूनच वाटत होतं असं व्हावं. मी देवाजवळ मागितलं होतं."

यावर आई इतकी रडायला लागली की मला कळेना. हसतही होती मधेच. "अरे श्रीरंग, इकडे ये, ऐक ही काय म्हणते." मग तो माणूस स्क्रीनमध्ये आला, चष्मा काढला, शर्टाने पुसला, परत घातला, परत काढला. म्हणाला, "थँक यू, उर्वी." ट्रिप बुडवल्याबद्दल थँक यू!

आईने विचारलं, तुला एकटं नाही ना वाटणार? मी म्हटलं, आता नाही वाटणार. तू येतेयस ना.

ते गुरुवारी येतायत, तिकिटं बदलून. तीन दिवस आधी.

एक ट्रिप बुडाली म्हणून दोन मोठी माणसं अशी रडतात. मी कधीच ट्रिप प्लॅन करणार नाही.

२३ जून

आज छान वाटतंय. आईची खोली आवरली. त्यांची दोघांची, म्हणजे. तिच्या बाजूचीच आवरली.

ती ट्रिप सोडून येतेय. तिला तिथे आरामात राहता आलं असतं, हॉटेलात, डोंगर बघत, भात खात. पण मी ये म्हटलं आणि येतेय. याचा अर्थ काय होतो तो मी लिहीत नाही, पण होतो.

आजींशीही बोलले. त्यांनी विचारलं काय करून राहिली, तर मी सांगितलं काय ते. त्यांना नागपूरच्या उन्हाबद्दल विचारलं. त्या खूश. म्हणाल्या, "तुला बोलता येते की. मला वाटलं माझा श्रीरंग मुकी पोरगी घेऊन आला."

२४ जून, मंगळवार

हे लिहावंसं वाटत नाहीये. लिहिते.

दुपारी आजी आणि मी मेथी निवडत बसलो होतो. आजी म्हणाल्या की तू मोठ्या मनाची आहेस, एवढ्या वयात आईला समजून घेतलंस. मला बरं वाटलं. कोणी असं माझ्या मनाच्या साइजबद्दल बोललं नव्हतं. मग मी पण मन मोकळं करावं म्हटलं. बोलायची सवय नसली की असं होतं.

मी म्हटलं, "मला कळतं ना आजी. मलाही दिवस गेलेत."

आजींच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"कधी?"

"झालं की वर्ष. वर्षाच्या वरच."

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मग तोंडाकडे. मग मेथी बाजूला ठेवली. "वर्षाच्या वर दिवस हत्तिणीला राहतात वं. कोण आहे तो?"

"तो कोण? शाळा सोडल्यापासून म्हणतेय मी. घरी बसून सगळे दिवस वायाच गेले ना."

आजी हसायला लागल्या. इतक्या, की खोकला आला आणि मी पाणी आणलं. पाणी पिऊन परत हसल्या. मी पण हसले थोडी, का ते माहीत नसताना. मग त्या हसायच्या थांबल्या. एकदम थांबल्या.

"तुला दिवस गेले म्हणजे काय ते माहीत नाही?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"अगं, मग आईला काय लिहिलंस तू?"

मी फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. खूप वेळ वाचलं, चारच तर ओळी आहेत.

"तुझी आई आई होणार आहे, उर्वी."

मी म्हटलं, "ती आहेच."

मग मी वर आले. दार लावलं. आजी दोनदा दाराशी आल्या, काही बोलल्या नाहीत. तो आवाज मला पहिल्यांदाच ऐकायला आला, त्यांच्या न बोलण्याचा.

२५ जून

सहाव्या वर्षी इथे आणलं. घरात मराठी बोललो, पण त्यात भाजी होती, अंघोळ होती, होमवर्क होता. दिवस गेले हे मला कोण शिकवणार होतं? घरात कोणाला गेलेच नाहीत.

बाबांच्या वेळी इंग्लिशमध्ये कळलं होतं. ते फ्रिस्कोला राहतात, टेक्ससमध्ये. फोनवर म्हणाले, वी आर एक्स्पेक्टिंग. मी म्हटलं कॉन्ग्रॅच्युलेशन्स. देवांग झाला. त्याआधी बाबांचा फोन दर रविवारी यायचा. मग तो महिन्याचा झाला, मग वाढदिवसाचा. गेल्या वाढदिवशी दुसऱ्या दिवशी आला. मागे बाळ रडत होतं आणि ते म्हणाले, एक मिनिट हं. ते मिनिट अजून चालू आहे.

आता आईचं पण एक मिनिट सुरू होणार.

आणि ते मूल मराठी बोलेल, "अरे श्रीरंग" म्हणणाऱ्या आईचं. त्याचे बाबा त्याच घरात असतील. त्याला तीनदा विचारतील. ते शाळेत हात वर करेल. मला माहितीये, ते हात वर करणारंच असणार.

सकाळी मी आईला मेसेज टाइप केला. मला अर्थ माहीत नव्हता, मला चालणार नाही. पाठवला नाही. परत टाइप केला, नुसतं, मला चालणार नाही. पाठवला नाही. ते उद्या विमानात असतील. विमानात चक्कर आली तर.

आजींनी दाराबाहेरून सांगितलं ते मात्र ऐकलं. म्हणाल्या, "तुझा मेसेज यायच्या आधी राधिका श्रीरंगला म्हणाली होती, उर्वीला झेपणार नसेल तर हे नको. तो हो म्हणाला. शेहेचाळीस वर्षांचा आहे माझा मुलगा, हो म्हणाला. मी तुला काही सांगत नाही. तुला माहीत असावं म्हणून सांगते." मग जिना उतरून गेल्या, एकेक पायरी.

म्हणजे माझ्या हातात आहे. एवढं मोठं माझ्या हातात कोणी कधी दिलं नव्हतं, आणि दिलं तेही चुकून.

२६ जून, गुरुवार

आले. आईचा चेहरा बारीक झालाय. जांभळ्या नाडीच्या बुटांना चिखल लागलेला, वाळलेला. श्रीरंगकाकांनी तिला गाडीतून उतरताना हात दिला नाही, नुसता जवळ धरून ठेवला, लागला तर असावा म्हणून. मी खिडकीतून बघत होते. मला असं कोणी करत नाही, म्हणजे मी पडत नाही म्हणून असेल.

माझ्यासाठी चॉकलेट आणि एक गायीच्या गळ्यातली घंटा आणलीये. दोघांनी मिळून निवडली म्हणे. आजी काही बोलल्या नाहीत त्यांना. मला वाटलं होतं दारातच सांगतील. त्यांनी नुसतं सगळ्यांना वाढलं.

आई टेबलाशी माझा हात धरून बसली होती. श्रीरंगकाका मला भाजी वाढू का विचारत होते. मी नको म्हटलं. त्यांनी परत विचारलं. मी नको म्हटलं. त्यांनी परत विचारलं. वाढली शेवटी. मेथी होती.

२७ जून, शुक्रवार

संध्याकाळी आई माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं. पलंगावर बसली, मग आडवी झाली, माझ्या उशीवर. म्हणाली की सोमवारी इथल्या डॉक्टरकडे अपॉइंटमेंट आहे. बेचाळीस वय आहे, खूप गोष्टी विचारतील, ठेवायचं का हेही विचारतील. मग म्हणाली, तुझा मेसेज आला तेव्हा मी नाही म्हणायच्या तयारीत होते. तो मी रोज वाचते.

मी म्हटलं, "आई, मला अर्थ माहीत नव्हता."

"कशाचा?"

"दिवस गेल्याचा. मला वाटलं ट्रिपचे."

आई उठून बसली. काय काय बोललो होतो ते ती मनात परत चालवून बघत होती, मला दिसत होतं. देवाजवळ मागितलं होतं, तिथे आली असणार, कारण तिथे तिने डोळे मिटले.

"म्हणजे तू ट्रिप बुडावी म्हणून..."

"हो."

मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "मी तुला नीट विचारायला हवं होतं तू येतेस का."

खाली आजी कुकर लावत होत्या.

"आता कळलाय ना अर्थ?" आईने विचारलं. "मग आता सांग. मी खरं विचारतेय. काहीही सांगितलंस तरी तू माझी उर्वीच आहेस."

घशापर्यंत येऊन थांबलं, नेहमीसारखं. मी वाट बघितली. आईनेही बघितली, शाळेतल्यासारखं दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाही. तिचे पाय माझ्या पांघरुणावर होते, टाचेला बुटांचा फोड आलेला. त्यावर बँडेड लावलेलं होतं, नीट, चारी बाजूंनी दाबून. तिने स्वतः लावलेलं नव्हतं ते. ती नेहमी तिरकं लावते.

मी म्हटलं, "मला नाही चालत."

आईने मान हलवली.

"मला अजिबात नाही चालत. ते आलं की तू त्याची होशील. मला आत्ताच राग आलाय त्याचा. मला श्रीरंगकाकांचा पण येतो. मला त्या हॉटेलवालीचा पण आला, भात करू दिला म्हणून."

"बरं," आई म्हणाली. अगदी हळू. "बरं, पिल्लू. मग मी सोमवारी..."

"पण ठेव."

तिने मान वर केली.

"मी एवढंच म्हणतेय की मला चालत नाही. ठेवू नको असं नाही म्हणत."

मग ती रडली, पण फोनवरसारखी नाही. आवाज न करता. मला मिठी मारली नाही, नुसतं कपाळ माझ्या खांद्याला टेकवून बसली, आणि तिचं वजन मला लागलं. बरंच आहे.

थोड्या वेळाने ती डोळे पुसून उठायला लागली. म्हणाली, श्रीरंगला सांगून येते, तो दुपारपासून नुसता फेऱ्या मारतोय. मी म्हटलं, थांब ना जरा. तुला जायची घाई असेल तर जा. पण थांब.

ती परत बसली. कुकरची शिट्टी झाली, अजून एक झाली. खालून ते जिन्याशी आले, पायऱ्या चढले नाहीत, तिथूनच हाक मारली.

"राधिका?"

आईने ओ दिली नाही.